दुसरं जुनिपर

ओकीच्या हातात कुठलंही पान दिलं, की तो आधी ते उलटं करायचा. "वरची बाजू सगळेच दाखवतात," म्हणायचा. मग खालून बोट फिरवून चिकट लागतंय का बघायचा, देठ मोडायचा, हुंगायचा, आणि माझं लक्ष नसेल तर दाताखालीही धरायचा. एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना त्यानं फुलदाणीतली फांदी ओढून तिचीही अशीच तपासणी केली. मी कोपरानं ढोसलं, तर अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाला, "लॉरेल आहे गं. विषारी." त्या रविवारी चर्चच्या जेवणाच्या टेबलावर फुलदाणी मांडायची कुणाची छाती झाली नाही.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण हे वेड त्याला कशानं लागलं ते मला ठाऊक होतं, त्यामुळे माझं हसू फार वेळ टिकायचं नाही.

माझा नवरा ओकी प्लमली काही जन्मापासूनचा जाणकार नव्हता. पन्नाशी येईपर्यंत त्याला झाडाझुडपांतलं काडीचंही कळत नव्हतं. तो कोळसा कंपनीच्या उघड्या खाणीवर बुलडोझर चालवायचा. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात कोळसा डोंगराच्या पोटात असतो, आणि तो वरून काढायचा तर आधी डोंगराचं कातडं सोलावं लागतं. ते सोलण्याचं काम ओकीचं. झुडूप म्हणजे पात्यापुढे येतं ते, एवढीच त्याची ओळख.

फक्त एक झुडूप त्याला लहानपणापासून माहीत होतं, कारण ते घरामागच्याच चढावर होतं. घोट्याइतकं उंच, बारमाही हिरवं, पान अंगठ्याच्या नखाएवढं आणि जाड. मे महिन्यात पांढरी लोंबती फुलं यायची, घंटेच्या आकाराची, जरा गुलाबी झाक मारणारी. ऑगस्टात निळी फळं. शिकलेले लोक त्याला बॉक्स हकलबेरी म्हणतात. आमच्या डोंगरात सगळे जुनिपरच म्हणतात, मग पुस्तकात काहीही छापलेलं असो.

ते जुनिपर माझ्या सासूबाईंचं, ओराबाईंचं. हे घर त्यांचं माहेर. लग्न होऊन त्या डोंगरापलीकडे लाकूडतोडीच्या छावणीवर राहायला गेल्या होत्या. तिथं त्यांची पहिली मुलगी घटसर्पानं गेली. पुढे छावणी उठली, त्या इकडे परतल्या, आणि ओकी इथंच जन्मला. त्या मुलीबद्दल त्या कधी बोलत नसत. आमच्या कपाटात निळ्या काठाचा एक कप होता, त्यांच्या लग्नातला. एवढा सुंदर कप एकटाच कसा, असं मी नवी नवरी असताना विचारलं, तर म्हणाल्या, "त्याची जोडी तिच्याजवळ ठेवली." मी पुढे विचारलं नाही. आमच्याकडे लहान मुलाच्या कबरीवर त्याच्या वापरातलं काहीतरी ठेवतात, त्यामुळे समजायचं ते समजले. त्या उरलेल्या कपातून ओकी रोज कॉफी प्यायचा.

दर ऑगस्टात सासूबाई कडीचा पत्र्याचा डबा खिळ्यावरून काढायच्या आणि चढावर जायच्या. परत यायच्या तेव्हा डबा काठोकाठ भरलेला आणि बोटं निळीशार. त्या फळांचा जॅम व्हायचा. थोडा कडवट असायचा, पण एकदा त्याची चव लागली की दुकानातला जॅम गुळाच्या पाण्यासारखा वाटायचा. बरणी उघडली की ओकी चमचा घेऊन हजर. सासूबाई म्हणायच्या, "अरे मेल्या, पावाला तरी लाव!"

मग कंपनीनं समोरची डोंगराची धार खाणीसाठी घेतली. आमच्या अंगणातून दिसायची ती, मध्ये फक्त ओढा. मे महिना होता. संध्याकाळी ओकी कामावरून आला तो टोपीत एक डहाळी खोचून.

"आई, बघ काय आणलंय! तुझं जुनिपर तिकडेही होतं की. ही एवढी पसरलेली चादर होती. पातं घातलं तर गुंडाळतच गेली."

सासूबाईंनी डहाळी हातात घेतली. तिच्यावर फुलं होती. त्यांनी निळ्या काठाच्या कपात पाणी घालून ती खिडकीत ठेवली. "सगळंच गेलं का रे?" एवढंच विचारलं.

"सगळंच. पातं काय अर्धं सोडतं होय?" ओकी हसत म्हणाला आणि हात धुवायला गेला.

त्यानंतरच्या ऑगस्टात सासूबाई डबा घेऊन गेल्या आणि रिकामा घेऊन आल्या. "अस्वलांनी खाल्ली," म्हणाल्या. ओकीनं अस्वलांना चार शिव्या दिल्या. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. ओकी म्हणाला, "आई, मी बंदूक घेऊन बसतो चार दिवस." त्या म्हणाल्या, "राहू दे. त्यांनाही पोट आहे." दर ऑगस्टात जायच्या, यायच्या, डबा खिळ्याला अडकवायच्या. मला संशय यायला हवा होता. जिथं अस्वलं चरतात तिथं विष्ठा पडते, फांद्या मोडतात, आणि आमच्या चढावर तसलं काहीच नव्हतं. पण घरात कामं काय कमी असतात! मी अस्वलांवर सोडून दिलं.

मग एका उन्हाळ्यात मिस पेटिट आल्या. कॉलेजात वनस्पती शिकवायच्या. सडसडीत, पायात पुरुषी बूट. जुनिपर बघायला परवानगी मागितली आणि दिवसभर चढावर रांगत होत्या. संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना जेवायला बसवून घेतलं. शेंगा, बटाटे, मक्याचा पाव. बाई गोड होत्या, दोनदा वाढून घेतलं. मग म्हणाल्या, "फळ मात्र एकही नाही. आणि धरून गळल्याची खूणही नाही. धरतच नाहीये."

"अस्वलं," ओकी तोंडात घास ठेवून म्हणाला.

"अस्वलांना खायला आधी फळ तर धरायला हवं ना, मिस्टर प्लमली?" त्या हसल्या. "तुमचा हा अख्खा चढ म्हणजे एकच झुडूप आहे. जमिनीखालून मुळं टाकत वर्षाला वीतभरही न सरकता इतकं पसरलंय. काही शतकं लागली असतील. पण याचे पराग याच्याच फुलांना चालत नाहीत. बीपासून उगवलेलं दुसरं जुनिपर लागतं, मधमाशीच्या टप्प्यात. एका घरात सोयरीक होत नाही ना, तसंच."

"पण पूर्वी यायची फळं," मी म्हटलं. "डबे भरून यायची."

"मग दुसरं होतंच जवळपास. त्याचं काय झालं?"

ओकीचा काटा ताटात पडला, उचलायला त्यानं हात केला नाही. खिडकीतून समोरची धार दिसत होती, खरवडलेली, पिवळी. मिस पेटिटना काही कळलं नाही, त्या बिचाऱ्या ओकीकडून उत्तराची वाट बघत होत्या. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पाव घ्या ना. गार होतोय."

मिस पेटिट गेल्यावर ओकी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "आई, तुला ठाऊक होतं?"

सासूबाई भांडी धूत होत्या. वळल्या नाहीत. "अस्वलांचा काही नेम नसतो, बाळा," म्हणाल्या.

सासूबाई वारल्या त्या पुढच्याच कडाक्याच्या थंडीत, पाइप फुटले होते तेव्हा. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं ओकी मला एकदा म्हणाला. मलाही तसंच वाटतं. शिवी एकदाच लागते. अस्वलं मात्र दर ऑगस्टात आली.

नंतर ओकीच्या छातीत कोळशाची धूळ बसली आणि कंपनीनं त्याला घरी बसवलं. तो घरी बसला नाही. दुसरं जुनिपर शोधायचं त्यानं डोक्यात घेतलं. समोरच्या धारेवरचं गेलं, तर गेलं. पण डोंगर काय थोडे आहेत? कुठेतरी असेलच. तिथलं एक मूळ आणून ओढ्यापलीकडे लावायचं, म्हणजे आईच्या जुनिपरला फळ धरेल. एकदा धरलं की झालं. एवढंच त्याला हवं होतं. स्वर्ग नको, पेन्शन नको, आईच्या झुडपाला फळ.

सुरुवातीला तो जे दिसेल ते हिरवं घेऊन यायचा. टीबेरी घेऊन आला. मी पान चुरगाळून त्याच्या नाकाला लावलं, "हे काय, टूथपेस्ट?" मग आर्ब्युटस आणलं, पान खरखरीत, केसाळ. लॉरेलची पोरं आणली. साध्या ब्लूबेरीची डहाळी आणून तो दोन दिवस हवेत होता, थंडी पडल्यावर तिची पानं गळाली आणि हाही गळाला. हळूहळू शिकला. जुनिपरच्या पानाला खालून चिकटपणा नसतो, बाकीच्या हकलबेरींना असतो. काठाला बारीक दाते. काटकीला कंगोरे. शोधायला खरा हंगाम थंडीचा, कारण बाकी रान उघडं पडतं आणि जुनिपर तेवढं जमिनीसरशी हिरवं राहतं, जरा तांबूस होऊन.

फेरेलच्या दुकानात बाकावर बसलेले म्हातारे त्याची वाटच बघत असायचे.

"काय ओकी, सापडली का नवरी?"

"अजून नाही."

"अरे, तुझ्या झुडपाचं लग्न जमेपर्यंत आमच्या नातवंडांची होतील! एवढं डोळ्यांत तेल घालून हॉबर्टनं बायको शोधली असती, तर हे ध्यान गळ्यात पडलं नसतं."

हॉबर्ट म्हणायचा, "माझी बायको मागे उभी आहे, गाढवा."

ओकी त्यांच्यात हसायचा. घरी येऊन खुर्चीत बसला की छातीतून शिट्टी वाजायची. बूट मीच काढायचे. "पुरे आता," म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी. एक धार संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. बऱ्याच धारा तो जाईपर्यंत कंपनीनं सोललेल्या असायच्या. मग तिथं उभा राहून बघत बसायचा. तिथं जुनिपर होतं की नव्हतं, हे आता देवालाच ठाऊक, म्हणायचा. असं कितीदा झालं.

आणि मग एका मे महिन्यात तो अंगणात आला तो पळत. त्याच्या छातीला पळणं झेपत नव्हतं, ओट्याच्या पायरीवर कोसळलाच. मला वाटलं, संपलं सगळं. पण तो हसत होता. मूठ उघडली. आत डहाळी, फुलांसकट.

"उलटून बघ," म्हणाला. "बघ ना उलटून!"

मी पान उलटून बघितलं. बोट फिरवलं. कोरडं. काठाला दाते. काटकीला कंगोरे. मी लग्नात रडले नव्हते, त्या पायरीवर रडले.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन गेला. डोंगरापलीकडे, जुन्या लाकूडतोडीनंतर उगवलेल्या दाट पॉपलरांत. जागा आमच्या स्वयंपाकघराहून थोडी मोठी असेल.

"एवढंसंच?" मी म्हटलं.

"तरुण आहे," ओकी म्हणाला. "म्हणजे बीपासूनच आलेलं. पाखरानं टाकलं असेल." त्याचं तोंड मला त्या कपातून कॉफी पिणाऱ्या, लग्नाच्या वेळच्या ओकीसारखं दिसलं. मलाही पाखरू हवंच होतं.

मूळ लावून ते फुलेपर्यंत वाट बघण्याइतका दम त्याला नव्हता, छातीतही आणि मनातही. त्यानं फुलंच आणली, ओल्या शेवाळ्यात गुंडाळून. चढावर पालथा पडून तो त्या एवढ्याशा घंटा नखावर झटकायचा आणि काडीच्या टोकानं तो पिवळा भुगा आईच्या जुनिपरच्या फुलांत लावायचा. दिवसभर. मी छत्री धरून उभी. "लोक बघतील तर मला वेड्याच्या इस्पितळात पाठवतील, तुझ्यासकट," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "जरा डावीकडे धर, सावली पडते."

ऑगस्टात एकही फळ नाही.

"पाऊस लागला असेल," मी म्हटलं. "काडी जाड होती," तो म्हणाला. पुढच्या मेमध्ये त्यानं टर्कीच्या पिसाचं टोक घेतलं, कोरडे दिवस निवडले, पुन्हा सगळं केलं. ऑगस्टात पुन्हा काही नाही. मिस पेटिटना विचारावं म्हटलं, तर त्या वारल्याचं कळलं. ओकी बोलेनासा झाला. दुकानात जाईनासा झाला. तिकडचं पुन्हा नीट बघायला हवं, कदाचित जुनिपर नसेलच ते, माझंच काही चुकलं असेल, असं तो स्वतःशी पुटपुटायचा.

नोव्हेंबरात मी त्याला एकटं जाऊ दिलं नाही. पानगळ झालेली. उघड्या रानात त्या जुनिपरचा तांबूस-हिरवा तुकडा लांबूनच दिसला, आणि माझे पाय जागीच थांबले.

आमच्याकडे पानगळीनंतरच्या रानात जमिनीवर हिरवा तुकडा दिसला, की बायका आधी दगड शोधतात. माझ्या आईनं मला तेच शिकवलं. जुन्या लोकांना संगमरवर कुठला परवडायचा. उशाशी एक ओबडधोबड दगड, पायाशी एक, आणि वर थंडीतही हिरवं राहील असं काहीतरी लावायचं, म्हणजे निगा ठेवायला माणूस उरलं नाही तरी चालतं. मेमध्ये मी आले तेव्हा नेचे गुडघ्याएवढे होते, मला काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. मधोमध जमीन दबलेली होती. लांबी माझ्या हाताएवढी. तोंड पूर्वेला.

ओकीला नाही दिसलं. तो गुडघ्यावर बसून पानंच उलटी करत होता. पानं बघणाऱ्याला दगड दिसत नाहीत.

"ओकी," मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

"थांब गं. मूळ बघतो."

"नको बघू. माझं ऐक."

तो कधी ऐकतो! त्यानं पालापाचोळा बाजूला केला आणि बोटं मुळांखाली घातली. त्याचा हात थांबला. मग त्यानं ते हळूच बाहेर काढलं, अंगरख्याच्या बाहीनं पुसलं. कप होता. पालथा ठेवलेला, मातीनं भरलेला. कान तुटला होता. काठ निळा.

तो कप कुणी ओळखायचा तर त्यानंच. त्याच सकाळी त्यानं त्याच्या जोडीतून कॉफी प्यायली होती.

त्यानं पहिल्यांदाच त्या जागेकडे नीट बघितलं, दगडाकडे, मग दुसऱ्या दगडाकडे. टोपी काढली. "माझी बहीण," म्हणाला. मग जुनिपरवर तळवा ठेवून म्हणाला, "आईनं आपल्याच चढावरचं आणून लावलं गं हे. हे पण तेच आहे."

"हो," मी म्हटलं.

"मी आईचीच फुलं आईच्या फुलांना लावत होतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं एरवी फटकन म्हणून मोकळी झाले असते. त्यानं कप होता तसाच पालथा ठेवला, माती दाबली, पाला सारखा केला. मग तिथंच बसून राहिला.

"दुसरं नव्हतंच, व्हर्जी. जे होतं ते एकच होतं. ते मी गुंडाळलं."

"कंपनीनं गुंडाळलं. तू पगारी माणूस."

"पात्याचा लिव्हर माझ्या हातात होता," तो म्हणाला. "आणि मी डहाळी आईला आणून दिली. हसत."

मी त्याला उठवलं. उतरताना तो एकाही झुडपाकडे वळला नाही. त्यानंतर त्यानं कुठलं पान उलटं केलेलं मी बघितलं नाही. चर्चमध्ये फुलदाण्या सुखरूप राहिल्या. दुकानात हॉबर्टनं एकदा विचारलं, "नवरीचं काय झालं रे?" तर ओकी म्हणाला, "भावकीतली निघाली," आणि सगळे इतके हसले, की तो बाहेर निघून गेलेला कुणाला कळलंही नाही. धीर धर, देव बघतो, असलं काही मी त्याला म्हटलं नाही. खोटं बोलायला मला जमत नाही. जे गेलं ते गेलंच होतं, आणि परत आणायला पृथ्वीवर काही उरलं नव्हतं.

पुढच्या मेमध्ये मागचा चढ पांढरा झाला. इतकी फुलं मी कधी बघितली नव्हती. मला ती बघवेनात, मी मागची खिडकी लावून घेतली.

ऑगस्टात एका सकाळी मी शेंगा सोलत बसले होते. ओकी उठला, कॉफीचा कप धुऊन ठेवला, खिळ्यावरचा कडीचा डबा काढला आणि दारातून बाहेर पडला. मी हाक मारणार होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. मी शेंगा सोलत राहिले. दर थोड्या पावलांवर थांबत, छाती धरत तो चढला. खूप वेळानं उतरला. डबा हातात हलका हलत होता.

"मिळाली का?" मी विचारलं.

त्यानं डबा खिळ्याला अडकवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"अस्वलांनी खाल्ली," म्हणाला.